चोपदार

"चोप देणारा नव्हे हो, बाबा!" शाळेत शिकवणारी लेक हसून हसून बेजार झाली. "चोब म्हणजे काठी. मूळ शब्द फारसी आहे. आणि यातलं दार म्हणजे दरवाजा नाही, बाळगणारा. दुकानदारातलं दार."

मास्तर काठीच्या चांदीच्या मुठीवरून फडकं फिरवत होते. लोकांचे कपडे शिवण्यात त्यांचा जन्म गेला. मान म्हणून पदरी पडला तो एवढाच, गावातल्या धंदेवाल्यांच्या बंधुसभेचं चोपदारपद. दर रविवारी सभेच्या बंद दाराबाहेर उभं राहायचं. आगंतुकाला चोप देणारा दारावरचा माणूस, असाच अर्थ ते इतकी वर्षं धरून चालले होते.

"म्हणजे मारायचं नसतंच?"

"शब्दात तरी नाही."

त्या रविवारी जिन्यात अध्यक्ष भेटले. सगळे त्यांना दादाच म्हणत. "मास्तर, आज बाहेरून कडी घाला. मी सांगितल्याशिवाय काढायची नाही. कोणी निसटलाच, तर हातात काठी आहे."

आत घड्याळजी होता. घड्याळं दुरुस्त करणारा, सभेचाच बंधू. दुसऱ्या एका बंधूनं, ठेकेदारानं, घाईनं टेकू काढायला लावले आणि भिंत मजुरावर कोसळली. घड्याळजीनं ते आपल्या दुकानातून पाहिलं होतं. उद्या कोर्टात त्याची साक्ष होती.

आधी नुसतं बोलणं ऐकू आलं. मग खुर्ची पडली. मग काहीच नाही.

"मास्तर, दार उघडा हो!" घड्याळजीचा आवाज चिरकला.

मास्तरांनी कडी काढली. घड्याळजी धडपडत बाहेर आला. ओठ फुटला होता. मागून दोघे धावले, तशी मास्तरांनी काठी दारात आडवी धरली.

"काठी कशाला दिलीय तुम्हाला?" दादांनी विचारलं.

"बाळगायला."

दादा चिडले नाहीत. त्यांनी हलकेच काठी काढून घेतली. "लेक शाळेत चालतच जाते ना?" एवढंच म्हणाले.

सोमवारी घड्याळजीनं साक्ष दिली. मंगळवारी एकेक बंधू मास्तरांच्या दुकानात येऊन आपलं न शिवलेलं कापड परत घेऊन गेला. मास्तरांनी प्रत्येकाला नीट घडी घालून दिली.

बुधवारी सकाळी ते लेकीबरोबर निघाले.

"बाबा, मी काय पहिलीत आहे?"

"चल गं."

मागून एक गाडी संथपणे येत होती. मास्तरांनी वळून पाहिलं नाही. लेकीला भिंतीकडे घेतलं आणि स्वतः रस्त्याच्या बाजूनं चालू लागले.