बादलीतले सात तुकडे

वकीलबाईने बादली पुसून, वाळत घातलेल्या चादरींच्या आड ठेवली आणि स्वतःसकट सातही जणांच्या हातात कापडाचे दोन-दोन तुकडे दिले. एक निळा, गिऱ्हाइकाने मागितला तसला. एक हिरवट, रंगारीकाकांच्या हौदातून निघाला तसला. बिघडलेला हा महिन्यातला तिसरा गठ्ठा.

"काकांनी हौदावरच राहावं वाटत असेल तर निळा टाका. घड्या घालायला बसावं वाटत असेल तर हिरवा. उरलेला लपवा. कोणी कोणाला विचारायचं नाही."

मालकाने कापड रंगवायचा हा कारखाना कामगारांच्या हवाली केला, तेव्हापासून मतं घ्यायचं खूळ तिचंच. 'वकीलबाई' हे नावही त्यातूनच पडलेलं.

"मालकाचं राज्य बरं होतं," कापड पिळणारा म्हणाला. "एकाने ठरवायचं, बाकीच्यांनी मिळून त्याला शिव्या घालायच्या."

"चहा गार दिला म्हणून तुझ्या भावाला काढलं त्याने. विसरलास?" वकीलबाई म्हणाली.

"मग तिघा जाणत्यांनी ठरवावं," गठ्ठे बांधणारी मावशी म्हणाली. "सगळ्यांना काय कळतंय?"

"जाणते कोण, ते कोण ठरवणार, मावशी?"

मावशीने नाक मुरडलं आणि सगळ्यांच्या आधी तीच चादरींआड गेली.

वकीलबाईने निळा टाकला. गठ्ठे बिघडतायत हे तिलाही दिसत होतं, पण हौदात काठी फिरवायला तिला काकांनीच शिकवलं होतं.

काका शेवटी गेले. बाहेर आले तेव्हा उरलेला तुकडा लपवायचं विसरले होते. तो निळा होता.

तिने बादली उलटी केली. चार हिरवे, तीन निळे.

तिची नजर काकांच्या हातातल्या निळ्या तुकड्यावर गेली. काकांना हल्ली निळ्या-हिरव्यातला फरक कळत नाही, म्हणून तर हा सगळा घाट. आणि तिने मतं मागितली ती नेमकी याच दोन रंगांत. एक तुकडा बदलला असता, तर काका हौदावर राहिले असते.

"थांबा," ती म्हणाली. "पुन्हा टाकू. माझी चूक झालीय."

"म्हणजे तुझ्या मनासारखं होईपर्यंत टाकत बसायचं?" पिळणारा म्हणाला. "मग तुझ्यात आणि मालकात फरक काय?"

ती काकांजवळ गेली, हळू आवाजात म्हणाली, "काका, तुमच्याकडून हिरवा पडलाय. तुम्हाला दिसलं नसेल."

काकांनी हातातला तुकडा अंगठ्याखाली चोळला.

"दिसलं नाहीच," ते म्हणाले. "पण तो बिघडलेला गठ्ठा सुधारायला मी तीनदा बुडवला होता. त्याचं कापड राठ झालंय. कुठला टाकतोय ते हाताला कळतं."

त्यांनी हौदातली काठी काढून भिंतीला टेकवली, घड्यांच्या टेबलाशी स्टूल ओढलं आणि समोरची चादर मांडीवर घेतली.

"आता हौदावर कोण, ते ठरवताना रंग दुसरे घे, पोरी," ते म्हणाले. "मला मत द्यायचंय."