सोनूबाईचं मनगट

दिघीच्या अलीकडच्या वाडीत कुणाचंही हाड मोडो, सांधा निखळो, मान अवघडो, त्याला उचलून सोनूबाईच्या ओट्यावर आणायचं, हा चाळीस वर्षांचा रिवाज. सोनूबाई आधी शिव्या द्यायची, मग तेल लावायची, आणि माणूस बोंबलायला तोंड उघडेपर्यंत सांधा जागेवर बसलेला असायचा. खाडीपलीकडे मुरूडला प्रज्ञा डॉक्टरीण प्लास्टर घालते, असं कुणी म्हणालं की ती म्हणायची, "घालूंदे. हाताला बी चुना लावते नि खिशाला बी."

तर अशी ही सोनूबाई स्वतःच्याच मोरीत, स्वतःच सांडलेल्या तेलावर घसरली आणि उजव्या हातावर आपटली.

मनगट टम्म सुजलं. तिनं डाव्या बोटांनी चाचपलं आणि तिला तिथल्या तिथे कळलं. मुरगळलं नव्हतं, मोडलं होतं. दुसऱ्या कुणाचं असतं तर तिनं अख्ख्या वाडीला ऐकवलं असतं. स्वतःला मात्र ती तीन दिवस "लचक हाय, लचक" असं सांगत हळदीचा लेप थापत राहिली. बोटं जांभळी पडली तेव्हा तिची घाबरगुंडी उडाली. हात गेला तर काम गेलं, आणि डॉक्टरकडे गेली तर नाव गेलं. शेवटी हात पदराखाली झाकून, बहिणीकडे जाते असं सांगून ती फेरीबोटीत चढली.

बोटीत वाडीतल्याच वेणूबाईनं लगेच टाच पुढे केली. "बग गो सोनूबाय, सकाळी पाय टेकला का खिळा टोचतो."

"आनवानी हिंडतेस नि मला इचारतेस? चपला घाल, भवाने!" सोनूबाईनं डाव्या हातानं टाच दाबली. उजवा का नाही, हे विचारायची वेणूबाईची छाती झाली नाही.

मुरूडला दवाखान्याचं दार ढकललं आणि सोनूबाई उंबऱ्यावरच थिजली. बाकांवर निम्मी वाडी बसली होती. दुबईत पंचवीस वर्षं उभं राहून गुडघे झिजवून आलेला ताजुद्दीन एक्स-रे उजेडाला धरून बघत होता. तुझ्या तेलाबिगर मला चालवत न्हाय, असं गेल्याच आठवड्यात तो शपथेवर म्हणाला होता. तिला बघताच त्यानं एक्स-रे कुल्ल्याखाली सारला.

"तू हिकडं कसा रं, ताजूभाय?"

"तैयबाला घेवाला आलतो."

"तुजी बायको तर वाडीत बोंबील सुकवतेय. आत्ता येताना बगितली."

"तौबा! मग तू गो कशाला आलीस?"

"भैनीकडं चाललेय."

"तुजी भैन आत हाय. कंबर दाखवतेय."

सोनूबाई खाली बसली. शेजारी सुपारी उतरवणारा चंदर होता. हा बाबा बारा महिने लांब बाह्यांचा शर्ट घालायचा, आणि वाडी त्याला हिरो म्हणून चिडवायची. आज बाही वर होती आणि कोपरापासून खाली वीतभर टाक्यांचा व्रण होता.

"ह्यो काय?"

"परत पडलो व्हतो," चंदर पुटपुटला.

सोनूबाईनं व्रणावरून डावी बोटं फिरवली. तिच्या बोटांना फसवणं सोपं नव्हतं. हाड नव्यानं कुठेच मोडलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी तिनं बसवलं, तिथेच ते पुन्हा कापून सांधलं होतं.

"खरं सांग, चंदर. मी वाकडं बसवलं व्हतं?"

चंदरनं मान खाली घातली. "तुमचं नाव गेलं असतं, सोनूबाय."

प्रज्ञा डॉक्टरणीनं प्लास्टर घातलं. "मावशी, आणखी थांबला असतात तर अवघड होतं. आता हात राहील," असं ती म्हणाली. सोनूबाईच्या मनातून चंदरचा हात जात नव्हता. तीन वर्षं हा पोरगा उकाड्यात बाह्या ओढून फिरला आणि ती त्याला हिरो म्हणून हसली. तिला स्वतःची लाज वाटली.

परतीच्या फेरीबोटीत सगळे पुन्हा एकत्र भेटले. सोनूबाईनं पदर बाजूला सारला. पांढराशुभ्र हात सगळ्यांनी बघितला.

"ऐका रं!" ती ओरडली. "माझं मनगाट मोडलंय. आन ह्या चंदरचा हात मी वाकडा बसवला व्हता. तो परत पडला न्हाय. चूक माझी."

"ठाव हाय," ताजुद्दीन म्हणाला.

"कुनाला?"

"आख्ख्या वाडीला."

"मग माझ्या वट्यावर कशाला मरायला येता?"

"मुरगाळलेलं तुझ्यासारखं कोन बसवनार? मोडलेलं तेवडं आम्ही गुपचूप मुरूडला नेतो."

सोनूबाईच्या तोंडाशी मोठी शिवी आली, पण तिच्याआधी रडूच फुटलं.

वेणूबाईनं सरकून जागा केली. "रडतेस काय? बस आधी. हात खाली सोडू नको, सुजंल."

चाळीस वर्षं सोनूबाई सगळ्यांना हेच सांगत आली होती. तिनं मुकाट्यानं हात वर धरला.