पाखऱ्याची मान

मित्रांनो, मी पाथरवटाची जुनी छिन्नी. कळंबच्या लोहाराने मला घडवलं तेव्हा चांगली वीतभर होते. धार बोथटली की तापवून ठोकायची, असं करता करता आता करंगळीएवढी उरले आहे. अंगाबरोबर अक्कलही झिजली की काय, कोण जाणे. पण एक कोडं मला आजवर सुटलेलं नाही.

माझा धनी सोपान पाथरवट. लोणीच्या रखमाजीचा म्हातारा बैल पाखऱ्या गेला. त्याला शेताच्या बांधावर पुरून रखमाजी आमच्याकडे आला. "भाऊ, पोळ्याच्या आत माजा पाखऱ्या दगडात उभा करा," तो म्हणाला. "न्हाईतर पोळीचा घास कुणाला चारू मी?"

सोपानने शब्द दिला खरा, पण पाखऱ्याला त्याने कधी पाहिलं नव्हतं. मोटारी यायच्या आधीचा काळ तो. मला कमरेला खोचून तो पायीच बेल्ह्याच्या बैलबाजाराला गेला. दलालांच्या मागे फिरून शिंगं, खूर, वशिंड, अंगावरचे भोवरे सगळं डोळ्यांत भरून घेतलं. मग महिनाभर मी दगडावर नाचले. बैल असा उतरला की माझा मलाच अभिमान वाटला.

रखमाजीने त्याच्याभोवती एक फेरी घातली. "झ्याक हाय," तो म्हणाला, "पर ह्यो बाजारातला बैल हाय. गिऱ्हाईक दात बघताना धरतंय, तशी मान वर. पाखऱ्या माज्या गोठ्यात जन्मला. म्या त्याला कदी बाजार दावला न्हाई." बोलता बोलता त्याचा हात पुढे झाला, हवेतच बोटं हलली आणि हात खाली आला.

मी हिरमुसले. सोपान मात्र त्या हाताकडेच बघत होता. त्याने दुसरा दगड आणला आणि पाच दिवस मला हातच लावला नाही. झाडाखाली डोळे मिटून बसायचा, मध्येच स्वतःची बोटं हवेत हलवायचा.

"पोळा तोंडावर आलाय, अन् तुमी खुळ्यावानी काय बसलाय?" त्याची बायको कुशाबाई म्हणाली. मला ते अगदी पटलं. माझ्या अंगावर गंज चढायला लागला होता.

सहाव्या दिवशी तो उठला आणि रात्रंदिवस मला चालवू लागला. शिंगं, खूर बाजारात पाहिलेलेच. पण मान खाली, पुढे ताणलेली, जराशी कलती. बेल्ह्यात असा एकही बैल नव्हता. मग हा त्याने कुठून आणला?

पोळ्याला रखमाजी आला. मी कोरलेल्या शिंगांकडे, खुरांकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. सरळ मानेखाली हात घातला आणि बोटांनी खाजवू लागला. "हितंच," तो म्हणाला. "हितंच खाजवून घ्यायचा माजा पाखऱ्या." आणि मग तो रडला.

मित्रांनो, हत्यार गंजू देऊ नका, तेलाचं बोट लावत जा. पण ते चार दिवस पडून राहिलं, तर मालकाला लगेच आळशी म्हणू नका. का, ते मला विचारू नका.

पुढे तो बैल रखमाजीच्या बांधावर उभा राहिला आणि वर्षानुवर्षं रखमाजी येता-जाता रोज तिथे हात फिरवत राहिला. त्या मानेखाली मी फार निगुतीने घातलेल्या वळ्या पार पुसून गेल्या. सोपान मात्र तिकडे गेला की त्या गुळगुळीत जागेकडे बघून हसायचा, आणि रागवावं की हसावं, हे मला अजून समजत नाही.