पुढच्या वेळी थोडं आधी उतरव

मी बोलतेय, बाउदिलिओच्या अंगणातली मांस भाजायची जाळी. उरुग्वेतल्या आमच्या छोट्या गावच्या लोहाराने मोडक्या बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावांपासून मला घडवलं आणि निखाऱ्यांवर खालीवर करता यावं म्हणून साखळ्यांना टांगलं.

बाउदिलिओ दर रविवारी मला घासायचा, गरम करून चरबीचा तुकडा फिरवायचा. त्याच्या हातचं मांस कधी बिघडलं नाही. बिघडलं ते मुलीशी. नेलिदाने मनाजोगतं लग्न केलं, हा गेला नाही. सहा वर्षं अबोला.

गेल्या हिवाळ्यात ती येते म्हणाली. त्याने पहाटे उठून बरगडीचा मोठा तुकडा माझ्यावर ठेवला. दुपारी फाटक वाजलं आणि तो धावला. त्याने फाटक उघडलं. मग ती बापाच्या गळ्यात पडली.

तेवढ्यात माझ्या साखळीची झिजलेली कडी उघडली. मी एका बाजूने निखाऱ्यांत झुकले. चरबी ठिबकली, जाळ उठला. मला ओरडताही येईना. तो परत आला तेव्हा मांसाचं लाकूड झालं होतं.

त्याची मेहुणी युफ्रासिया हसली, "दाजी, हे खायचं की याचे बूट शिवायचे?"

तो पांढराफटक पडला. "चूक माझीच. आगीपासून हललोच कशाला? इतक्या वर्षांनी पोर आली आणि..."

चूक माझी होती.

नेलिदाने बाह्या सरसावल्या. "बाबा, सुरी दे." तिने करपलेली साल काढली, मांसाच्या धाग्यांना आडवे पातळ काप केले. कांदा-टोमॅटो परतून त्यावर हाडं उकळलेलं गरम पाणी ओतलं, काप घातले आणि झाकण ठेवलं.

"जाळ मंदच हवा. खळखळा उकळलं की आणखी चिवट होतं," ती म्हणाली. "आणि पुढच्या वेळी थोडं आधी उतरव. उतरवल्यावरही ते आतून शिजत राहतं. दहा मिनिटं तसंच ठेव, मगच काप."

"पुढच्या वेळी?" त्याने विचारलं. "येशील?"

"रविवारी येते. पण आगीजवळ कुणाला तरी बसवून ठेव."

पातेलं पुसून खाल्लं सगळ्यांनी. युफ्रासियाने तर दोनदा वाढून घेतलं.

आता ती येते. साखळी बदलली, पण बाउदिलिओ अजून पाहुण्यांना सांगतो, "मीच करपवलं होतं." सगळे हसतात. मी शरमेने तापते; लोकांना वाटतं, निखाऱ्यांनी.

तुमच्याकडे माझ्यासारखी कुणी असेल, तर आग पेटवण्याआधी तिची साखळी एकदा ओढून बघा. आम्हाला हाक मारता येत नाही हो.