झऱ्याची बातमी

भोरचे निवृत्त कारकून गंगाधरराव ब्लॉग लिहायचे. वाचक जेमतेम अकरा. तिथल्या साप्ताहिकाचा संपादक इंद्रजित त्यांना भर चौकात हसायचा. त्याच्या अंकात मात्र पुढाऱ्यांचे वाढदिवस तेवढे असत.

वेल्ह्याकडच्या एका वाडीचा झरा पिवळा पडल्याचं गंगाधररावांनी लिहिलं. ते वाचून पुण्याच्या एका प्राध्यापिकेने पाणी तपासलं, अहवाल तहसीलदारांना दिला आणि वाडीला टँकर सुरू झाला.

इंद्रजितने श्रेय पुढाऱ्याला देत छापलं, ‘साहेबांच्या प्रयत्नांना यश!’ वरून पुढच्या अंकासाठी झऱ्याचा फोटो मागायला तो गंगाधररावांच्या दारात आला.

“वाडीत गेला होतास?”

“नाही. पण काका, लोकांना साहेबच लागतात.”

“लोकांना पाणी लागतं. साहेब तुला लागतात.”

त्याला ‘बस’ असंसुद्धा न म्हणता गंगाधररावांनी दार लावलं.