दोन्ही हात माशात

बर्फ

चूक बर्फाची झाली.

चैत्राचं ऊन. पळसदेवच्या पाण्यावरून लासुर्ण्यापर्यंत मासा न्यायचा, तो वाटेत बिघडू नये म्हणून माऊलीनं कळस गावच्या रसवंतीवाल्याकडून मूठभर बर्फ मागून घेतला आणि पिशवीत टाकला. लासुर्ण्यात रावजींच्या खाटेजवळ पिशवी उघडली, तर रोहूच्या कल्ल्यात बर्फाचा एक खडा अडकून बसलेला. रावजींनी तो पाहिला. डाव्या हाताचं बोट त्याला लावलं. मग वाकड्या झालेल्या तोंडातून अक्षर अक्षर ओढून काढत ते म्हणाले,

"बा... जार."

म्हणजे भिगवणच्या बाजारातून आणलास. म्हणजे तू पाण्यावर गेलाच नाहीस.

"आईच्यान तात्या, सकाळी काढलाय. माझ्या हातानं."

"बाजार."

अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून रावजींच्या तोंडी थोडेच शब्द उरले होते. पाणी. न्हाय. तानू. त्यांत हा एक नवा.

"बया, नवा शबूद की!" तानूबाई चुलीपुढून म्हणाली. "डाक्टरला सांगाया पायजे." नवऱ्याचा शब्द फुटला म्हणून ती हसली आणि हसता हसता पदर डोळ्यांकडे गेला.

त्या दिवशी रावजींनी माशाला तोंड लावलं नाही. पुढच्या आठवड्यातही नाही.

रीत

रावजी आणि माऊली साखर कारखान्यात एकाच पाळीला होते, बॉयलरवर. निवृत्त झाल्यावर दोघांनी गळ धरला. पाण्यावर बसले की दिवस दिवस बोलायचे नाहीत. कारखान्यातल्या आवाजात तसंही कधी बोलता आलं नव्हतं.

त्यांची एक रीत होती. गळ ज्याचा, मासा त्याचा. ओढून कुणीही काढो. रावजी झाडामागं गेले आणि तेवढ्यात त्यांच्या काठीला कटला लागला, तर माऊली तो जिवाच्या करारावर काठाला आणायचा, पण मासा रावजींचा. यावर कधी वाद झाला नाही. दुसऱ्याच्या गळाचा मासा खाणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं, असं रावजी म्हणायचे.

माऊलीच्या गळाचा मासा मात्र परत पाण्यात जायचा. त्याच्या गळ्यात माळ नव्हती, पण सणसरच्या घरात बाकी सगळ्यांच्या होती. उंबऱ्याच्या आत माशाचा वाससुद्धा चालायचा नाही. सोडण्याआधी रावजी त्याचा फोटो काढायचे.

"तुझा मासा म्हंजे पावणा," ते म्हणायचे. "आला, फोटू काढला, च्या न घेता गेला."

झटका आला तेव्हा दवाखान्यात माऊली त्यांच्या कानाशी वाकून म्हणाला होता, "तात्या, तुमचा गळ मी टाकत जाईन. लागंल तो तुमच्या घरी यील."

आणि पहिल्या खेपेला त्यानं रावजींची काठी नेली. पण एका माणसाला दोन काठ्या झेपत नाहीत. एक दोर दुसऱ्यात गेला, गाठी सोडवता सोडवता दुपार झाली, आणि शेवटी दोन्ही दोर चाकूनं कापावे लागले. पुढच्या खेपेला रावजींची काठी त्याच्या शेतातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीतच, खिळ्याला राहिली. माऊलीच्या गळाला रोहू लागला. तो त्यानं सोडला नाही. लासुर्ण्याला नेला आणि सांगितलं,

"तात्या, तुमच्या काठीला लागला बरं का."

रावजींनी तो काट्यासकट चोखून खाल्ला. दुसऱ्या दिवशी व्यायाम करून घेणारी मुलगी आली, तिला त्यांनी उजव्या हाताचं एक बोट हलवून दाखवलं. तानूबाईनं फोन करून माऊलीला सांगितलं. "भावजी, मासं बंद करू नका."

झालं. तेव्हापासून प्रत्येक मासा रावजींच्या काठीला लागत होता. खाटेवर पडल्या पडल्या ते मासे धरत होते, आणि धरलेला मासा खात होते.

बर्फाच्या खड्यानं ते थांबवलं.

फोटो (न निघालेले)

पहिला. माऊलीचं नाक, मोठं. माशाची शेपटी, धूसर. पाणी कुठंच नाही.

दुसरा. नुसतं आभाळ. मासा निसटला, त्याला धरताना मोबाइल चिखलात.

तिसरा. मोबाइल दगडाला टेकवून, दहा सेकंदांचं घड्याळ लावून. माऊली पळत पळत जागेवर येतोय. मासा दिसतो, माऊलीचं डोकं वर कापलेलं.

तिन्ही बघून रावजींचं एकच. "बाजार."

मासा हातात घेतलेला माणूस बाजारातही उभा राहू शकतो. बरोबरच होतं त्यांचं. पाणी दिसायला हवं, माणूस दिसायला हवा, मासा तडफडताना दिसायला हवा. आणि हे सगळं टिपायला तिथं दुसरं कुणी नाही. जो टिपायचा, तोच खाटेवर होता.

दुकान

बारामतीत स्टँडमागच्या गल्लीत ज्ञानेशचं दुकान. लग्नाचे फोटो काढणारा पोरगेलासा माणूस, कानात बाळी.

"काका, रील काढायचं हाय का? मग हा घ्या." त्यानं मोठा कॅमेरा काढला. पुढचं भिंग माणसाच्या मुठीएवढं.

"हे कोण धरायचं?"

"तुमी."

"माझे दोन्ही हात माशात असत्यात."

ज्ञानेशनं त्याच्याकडं नीट बघितलं. "मग कुणालातरी धरायला सांगायचं."

"कुणी न्हाय."

"बायको? पोरगं?"

"घर माळकरी हाय रे बाबा. पाण्यावर मी एकटाच असतो."

ज्ञानेशनं मोठा कॅमेरा पुसून परत ठेवला. मग तिपाईवर लावायचा मधला एक दाखवला. त्याला लांबून दाबायचं बटण होतं. माऊलीनं बटण हातात घेतलं, बोटांत फिरवलं, आणि मासा धरल्यासारखे दोन्ही हात पुढं केले. बटण खाली पडलं.

"ओल्या हातात ऱ्हायचं न्हाय. शेवाळ असतं हाताला."

"लई अभ्यास केलाय काका तुमी."

"निसटल्याला मासा शिकवतो."

शेवटी ज्ञानेशनं काडेपेटीच्या दोन डब्या एकावर एक ठेवाव्यात एवढी एक काळी डबी काढली. पाण्यात पडली तरी चालते. काठावर खुंटीला अडकवायची, सकाळी एकदा चालू करायची, की ती आपली आपण थोड्या थोड्या वेळानं फोटो घेत राहते. बटण नाही, पळापळ नाही. मागं बोटभर पडदा, त्यावर अंगठा सरकवला की पुढचा फोटो.

"तुमी फकस्त मासा धरा. जरा पुढं धरा म्हंजे सुसर वाटंल."

"मोठा न्हाय दाखवायचा. खरा दाखवायचाय."

"मग तर हीच. हिचा डोळा रुंद हाय. डावं, उजवं, वर, खाली, सगळं घेती. काय म्हंजे काय सुटत न्हाय."

माऊलीला इतकं बरं वाटलं, की त्यानं ज्ञानेशला चहा पाजला.

पाणी

पळसदेवला उजनी धरणाचं पाणी उतरत चाललं होतं. बुडालेल्या जुन्या वस्तीतल्या विहिरीचं कडं उघडं पडलं होतं. माऊलीनं बाभळीची खुंटी ठोकून डबी अडकवली, घरून आणलेली कणीक मळली, गळ टाकला आणि बसला. पाठीमागं डबी गप्प. पहिला तासभर त्याला कुणीतरी मागं बसलंय असं वाटत राहिलं, आणि ते वाटणं वाईट नव्हतं.

दुपार कलताना काठी वाकली. कटला होता, जड, जुना. त्यानं दमवला, दमवून घेतला, गुडघाभर पाण्यात उतरून दोन्ही हातांनी कवटाळला, आणि डबीकडं तोंड करून उभा राहिला. मासा छातीशी धडका मारत होता. माऊली हसत होता. कुणाकडं बघून, ते त्यालाच कळलं नाही.

निघण्याआधी त्यानं तो फोटो पडद्यावर शोधून काढला. पाणी होतं. माणूस होता. मासा होता. बाजाराचं नाव घ्यायची कुणाची टाप नव्हती. आरोप बाजाराचा होता, आणि तो खोडायच्या नादात त्याला दुसरं काही सुचलं नव्हतं. बाकीचे फोटो त्यानं तसेच राहू दिले. दिवसभराचं पाणीही तात्या बघतील.

कळसला तो रसवंतीपुढून न थांबता गेला.

अंगठा

"तात्या, हे बघा. बाजार हाय का ह्यो?"

रावजींनी पडद्याकडं बघितलं. खूप वेळ. मग तोंडाची चांगली बाजू हलली.

"पाणी," ते म्हणाले.

"व्हय! पाणी! अन् ह्यो तुमचा कटला."

तानूबाई राख आणि विळी घेऊन उंबऱ्याशी बसली. "आज तुमच्या काठीनं डोंगर धरलाय," ती नवऱ्याला म्हणाली. रावजींनी डबी डाव्या हातात घेतली. अंगठा पडद्यावर ठेवला. सरकवला.

कटला पाण्याबाहेर येताना.

माऊली पाण्यात, पाठमोरा.

वाकलेली काठी.

अंगठा थांबेना. दिवस उलटा चालला होता, दुपारकडून सकाळकडं.

माऊली बसलाय. काठी. विहिरीचं कडं.

माऊली बसलाय. काठी. बगळा.

माऊली भाकरी खातोय. काठी.

माऊली बसलाय. डावीकडं बाभूळ, उजवीकडं विहीर, मध्ये सगळा काठ उघडा. आणि काठी. एक.

माऊलीनं हात पुढं केला. "द्या तात्या, दमाल." रावजींनी डबी छातीशी ओढली. अंगठा आणखी एकदा सरकला.

माऊली कणीक मळतोय. एक काठी.

एक.

एक.

रावजींनी वर बघितलं. रागानं नाही. बॉयलरचा काटा बघताना बघायचे तसं.

"माजी?"

हाही शब्द नवा होता. तानूबाईनं विळीवरून मान वर केली, कौतुकानं, आणि मग दोघांची तोंडं बघून तशीच राहिली.

पलीकडं लावली होती, असं माऊलीच्या ओठांवर आलं. पण पलीकडंही फोटोत होतं.

"न्हाय नेली," तो म्हणाला.

"आज न्हाय नेली व्हय?" तानूबाई म्हणाली.

माऊली विळीपुढच्या कटल्याकडं बघत राहिला.

"भावजी?" तिचा आवाज उतरला. "मग ह्येनी आजवर खाल्लं, ते?"

बाहेर ऊस भरलेला ट्रॅक्टर गेला. भांडी थरथरली, थांबली.

"दोन काठ्या झेपत न्हाईत तात्या. दोर गुततो. मला वाटलं... तुमचं बोट हललं ना तवा... पुढच्या येळंला नेतो. आईच्यान नेतो."

रावजींनी डबी त्याच्या हातात परत दिली. जपून, पडू नये अशी. मग विळीपुढच्या कटल्याकडं बोट केलं आणि ते बोट माऊलीकडं वळवलं.

"त्याचा."

"अवो, असूं द्या की," तानूबाई म्हणाली. "एवढ्या लांबनं आणलाय. चार घास खावा. अंगात ताकद नगो का?"

"न्हाय. त्याचा."

एवढं बोलून ते भिंतीकडं वळले. वळायला त्यांना बराच वेळ लागला. माऊली हात द्यायला उठला, तर डाव्या कोपरानं त्यांनी तो बाजूला सारला. उजवा हात पाठीमागं राहिला होता, चादरीवर. तो तानूबाईनं उचलून पुढं ठेवला. त्याचं कुठलंच बोट हललं नाही.

मग तिनं कटल्याची राख धुतली. पिशवीत घातला. माऊलीच्या हातात दिला.

"घिऊन जावा. पुन्हा इकडं नगा आणू."

"मी कुठं नेऊ वैनी?"

तिला ते माहीत होतं. तिनं दाराची कडी धरून ठेवली.

माऊलीनं पिशवी गाडीच्या हँडलला अडकवली. रस्त्यावरच्या खड्ड्यांत ती गुडघ्यावर आपटत राहिली, ओली, जड. सणसर आलं. मंदिराच्या कळसावर दिवा लागला होता. घरात हरिपाठाला बसायची वेळ. घराकडचं वळण आलं, तसा त्यानं वेग कमी केला, पाय टेकला. पिशवीतून पाणी ठिबकत होतं.

मग त्यानं गाडी सरळ पुढं काढली.