शब्दांची बोहारीण

गुरुवारी बोहारीण आली आणि हिराजी तांडेलच्या तोंडातला 'दोर' घेऊन गेली. बदल्यात तिनं त्याला नवाकोरा 'लोमा' दिला. परक्या मुलखातल्या त्या धक्क्यावर नऊ देशांचे हमाल होते आणि सगळ्यांच्या तोंडी तिच्याच टोपलीतले शब्द होते. हिराजी आठ महिने मुक्यानं राबला होता. त्यानं 'लोमा' म्हटल्याबरोबर पलीकडच्या माणसानं दोर फेकला, तेव्हा त्याला रडूच आलं.

मग काय, चटकच लागली. 'पाणी' गेलं, 'भाकरी' गेली, 'ऊन' गेलं. बोहारीण एकेक शब्द उजेडात धरी, जुन्या साडीसारखा ताणून बघे आणि नाक मुरडी.

"हा विरलाय, दादा. आणखी एक टाका."

हिराजी टाकायचा. गेलेला शब्द ऐकला तर कळे, पण तोंडात येत नसे. जिभेवर त्या जागी जरा गार लागे, एवढंच. वाक्यांना मात्र ती हात लावत नसे. त्यांना गिऱ्हाईक नाही म्हणे. 'मी पाणी प्यायलो'चं 'मी तिकू गुमलो' झालं, पण चाल घरचीच राहिली.

शेवटी 'बायो' तेवढा उरला. गावाकडच्या लेकीला तो त्याच नावानं हाक मारी. तो द्यायचा नाही, असं त्यानं पक्कं ठरवलं होतं. पण जेवणाच्या सुट्टीत धक्क्यावरचे लोक एका शब्दानं एकमेकांना शेजारी बसवून घेत, आणि नेमका तोच हिराजीपाशी नव्हता. भिंतीकडे तोंड करून जेवायचा त्याला वीट आला होता.

"तो महाग आहे, दादा. आणखी एक टाका," बोहारीण म्हणाली.

हिराजीनं नकारार्थी मान हलवली.

"मग गालात काय लपवलंय?"

त्यानं दिला.

रविवारी लेकीचा फोन आला तेव्हा तो चौघांत बसून जेवत होता. उष्ट्या हातानंच धावला. भडाभडा बोलला. तब्येत, जेवण, तिची आठवण, सगळं सांगितलं.

"काका," ती अदबीनं म्हणाली, "तुमचं काहीच कळत नाहीये मला. पण बोलायची ढब अगदी आमच्या बाबांची आहे. तिथंच असतील ते. जरा बोलवता का त्यांना?"

लेकीला ताटकळत ठेवणं त्याच्या जिवावर आलं. त्यानं फोन हळूच कट्ट्यावर ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि तिच्या बाबांना शोधायला तो भराभर निघाला.